सहा गोल बाटल्या

१

मेलेल्या माणसाच्या मुठीत सापडलेली बाटली पंधरा दिवसांनी प्रणिताच्या टेबलावर आली, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून.

आणणारी बाई तिशीच्या आतली होती. कपाळ मोकळं, चपला धुळीनं माखलेल्या. औरादहून बीदरला येणाऱ्या पहिल्या बसनं आली असावी, कारण प्रणिता तेल-तपासणीची आपली प्रयोगशाळा उघडायला आली तेव्हा ती पायरीवर बसूनच होती.

"मी मंजुश्री. चिंताकीची. व्यंकट बिरादारची बायको."

प्रणिताच्या हातातली किल्ली हातातच राहिली. गेले पंधरा दिवस हे नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. अकरा मार्चला भरदुपारी औराद रस्त्यावरच्या वीजघरातली गॅस टर्बाईन फुटली. मागचं बेअरिंग गेलं, तेलाच्या नळ्या तुटल्या, तापलेल्या लोखंडावर तेल उडून भडका झाला. त्या धक्क्यानं ऑपरेटर व्यंकट वरच्या माळ्यावरून खाली फेकला गेला आणि जागच्या जागी संपला. बाकीचे पळाले म्हणून वाचले.

"दवाखान्यातनं सामान दिलं," मंजुश्री सांगू लागली. "मोबाईल, कडदोरा, अन् ही बाटली. मूठ उघडून काढावी लागली म्हणले. सासूबाई म्हणल्या, औषध असंल, टाकून दे. पर झाकण निळं हाय. निळ्या झाकणाच्या बाटल्या बीदरच्या मॅडमकडं जातेत, हे ते सांगायचे."

मॅडम म्हणजे प्रणिताच. यंत्र झिजतं ते आतून. झिजलेल्या धातूचे डोळ्यांना न दिसणारे कण तेलात उतरतात. म्हणून दर पंधरा दिवसांनी, शुक्रवारी, चालत्या टर्बाईनमधून बाटलीभर तेल काढायचं आणि तिच्याकडे पाठवायचं. बेअरिंगला आतून कथलाचा लेप असतो. तेलात कथील वाढलं की लेप सुटायला लागला असं समजायचं, यंत्र थांबवायचं, उघडून बघायचं. माणसाचं रक्त तपासतात तसलंच हे काम, फक्त इथला रोगी बोलत नाही.

टेबलावर वीजघराचे व्यवस्थापक संकर्षण यांचं पत्र पडलं होतं. तेलाचे सर्व नमुने निर्दोष होते, बेअरिंगची झीज नव्हती, सबब ऑपरेटरनं नमुन्याची तोटी उघडी टाकल्यामुळे तेल वाहून जाऊन अपघात झाला. खाली प्रणितानं सोमवारपर्यंत सही करायची होती. आज गुरुवार.

"लेकीला शाळंत म्हणायलेत, तुझ्या बापानं मशीन जाळली," मंजुश्री म्हणाली. तिचा आवाज रडका नव्हता, थकलेला होता. "खरं असंल तर तसं सांगा, अक्का. खोटं असंल तर लिहून द्या. मला दुसरं काई नगं."

प्रणितानं बाटली उचलली. झाकण घट्ट फिरवलेलं होतं. तिनं ती खिडकीच्या उजेडात धरून हळूच हलवली, आणि तेलात चंदेरी भुकटी भिरभिरली. ते कथील नुसत्या डोळ्यांना दिसत होतं.

शेजारच्या कपाटात याच यंत्राचे डिसेंबरच्या मध्यापासूनचे सहा रिपोर्ट होते. सहाहीवर 'सर्व ठीक' असं लिहिलेलं होतं, आणि सही तिची होती.

२

मंजुश्रीला चहा पाजून तिनं बसला लावलं, आणि मग दार लावून तेल तपासायला घेतलं. एकदा झाल्यावर पुन्हा तपासलं, कारण आकड्यावर विश्वास बसेना. ज्या प्रमाणाला यंत्र थांबवा असं ओरडून सांगावं, त्याच्या वीसपट कथील होतं. असं बेअरिंग एका दिवसात झिजत नाही. त्याला आठवडे लागतात, महिने लागतात. आणि अपघाताच्या दोनच आठवडे आधीच्या बाटलीत कथलाचा मागमूस नव्हता.

माझंच उपकरण चुकलं का? चुकलं असेल, तर त्या बाईच्या नवऱ्याला मी मारलं.

"ताई, ही बाटली बरोबर हाय बगा," पार्वतीबाई मागून म्हणाल्या. पार्वतीबाई बाटल्या लावायच्या, धुवायच्या, टाकायच्या. शिक्षण सातवी, नजर मात्र घारीची.

"बरोबर म्हणजे?"

"पिचकलेली हाय न्हवं. त्या वीजघराच्या बाटल्या पैल्यापासनं अशाच येतेत. पोट आत गेलेलं. रॅकवर सरळ उभ्या राहायच्या न्हाईत, मी शिव्या घालायची. मग नाताळाच्या टायमाला एकदम गोल यायलागल्या. मी म्हणलं, बरं झालं, बाटलीची कंपनी बदलली."

प्रणिता खुर्चीतून उठली ती थेट मागच्या खोलीत गेली. तपासून उरलेलं तेल सहा महिने ठेवायची तिची पद्धत होती. पाच डिसेंबरची बाटली पोट आत गेलेली. त्यानंतरच्या सहा, एकोणीस डिसेंबरपासून सत्तावीस फेब्रुवारीपर्यंतच्या, कशा टंच गोल.

चालत्या टर्बाईनमधलं तेल हाताला चटका बसेल इतकं गरम असतं. ते बाटलीत भरून झाकण लावलं की निवताना आतली हवा आकसते आणि पातळ प्लास्टिकचं पोट आत ओढलं जातं. गोल बाटली म्हणजे थंड तेल. थंड तेल म्हणजे यंत्रातलं नव्हे, पिंपातलं.

तिनं रिपोर्ट पुन्हा काढले. तेल वापरात जुनं होतं तसं त्यातलं आम्ल चढत जातं, आपोआप उतरत नाही. एकोणीस डिसेंबरच्या बाटलीत ते एकदम नव्या तेलाइतकं खाली आलेलं होतं. हे तिला त्या दिवशीच दिसलं होतं, अगदी लख्ख आठवतंय. तेल बदललं असेल, असं मनाशी म्हणून तिनं पुढची बाटली घेतली होती. एक फोन केला नव्हता. धातू वाढतोय का एवढंच पाहायची सवय, आणि न वाढलेल्या गोष्टींबद्दल शंका घ्यायची तिला कधी गरजच वाटली नव्हती. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की पार्वतीबाईंकडे बघवेना.

"कुणी भरल्या ताई ह्या?" पार्वतीबाईंनी विचारलं.

प्रणितानं एकेक लेबल उजेडात वाचलं. तारीख, वेळ आणि नमुना घेणाऱ्याची सही. सहाही बाटल्यांवर एकच नाव होतं.

व्यंकट बिरादार.

३

वीजघरात अजून जळक्या तेलाचा वास होता. दार उघडायला आला तो फोरमन वीरण्णा, साठीला टेकलेला, पंधरा दिवसांत खंगलेला.

"या अक्का," तो म्हणाला. "माझ्या हाताखाली शिकलं लेकरू. सहा वर्षं."

त्यानं जागा दाखवली. टर्बाईनचा सांगाडा काळा पडून उभा होता. नमुन्याची तोटी वरच्या माळ्यावर, लोखंडी शिडीच्या अकरा पायऱ्या चढून. शिडी जागेवर राहिली होती.

"वर तुमीच जावा. माजे गुडघे गेलेत दोन वर्सांपासनं."

प्रणिता चढली. तुटकी नळी, वाकलेले गज. तोटी काडेपेटीतल्या काडीएवढ्या भोकाची होती. टाकीत तेल चार हजार लिटर. ह्या भोकातून ते वाहून जायला एक दिवस पुरला नसता. आणि व्यंकटच्या हातातल्या बाटलीचं झाकण घट्ट होतं. हातावर उकळतं तेल सांडत असताना कुणी निवांत झाकण फिरवत बसत नाही. तो आधी तोटी बंद करतो. तोटीचं पत्र खोटं होतं, एवढं तर माळ्यावरच ठरलं.

खाली उतरून ती संकर्षणच्या खोलीत गेली. संकर्षण बीदरच्या एका शिक्षकाचा मुलगा, चाळिशीतला, शर्टाची इस्त्री जागच्या जागी. भिंतीवर अजून फलक होता: 'अखंड चालू: २११ दिवस'. तो उतरवायचं कुणाला सुचलं नव्हतं.

तिनं शिफ्टचं रजिस्टर मागितलं. त्यानं नाइलाजानं पुढं सरकवलं. तेवीस फेब्रुवारीला व्यंकटनं लिहिलं होतं, 'मागच्या बेअरिंगपाशी आवाज वेगळा येतो. कंप थोडा वाढला.' चार मार्चला पुन्हा. नऊ मार्चला पुन्हा, या वेळी खाली रेघ मारून. तिन्ही ठिकाणी समासात संकर्षणचा शेरा होता: 'तेलाचा रिपोर्ट उत्तम. चालू ठेवा.'

"तुम्हीच उत्तम म्हणालात, मॅडम," संकर्षण शांतपणे म्हणाला. "मी तुमच्या कागदावर चाललो."

हे तिला झोंबलं, आणि खरं होतं म्हणून जास्तच झोंबलं. तिनं बाटल्यांचं सांगितलं. सहाही पिंपातून भरलेल्या आहेत, हे ऐकून संकर्षणचा चेहरा क्षणभर पडला. मग त्यावर हलकेच रंग चढला.

"सही कुणाची आहे?"

"व्यंकटची."

"मग प्रश्न मिटला की! शिडी चढायचा कंटाळा, म्हणून पिंपातून भरत होता. पत्रातलं एक वाक्य बदलू. तोटीऐवजी खोटे नमुने. दोषी तोच राहतो, तुमची प्रयोगशाळाही सुटते. सोमवारी सही कराल ना?"

प्रणितानं रजिस्टर मिटवून परत सरकवलं आणि ती उठली. बाहेर भांडार होतं, तळमजल्यावर. नव्या तेलाची पिंपं तिथं कुलपात, आणि भांडाराचा काशप्पा दारात.

"चावी कुणाकडे असते?"

"माज्याच कंबरंला. कुनालाबी देत न्हाई," काशप्पा म्हणाला, जरा जास्तच घाईनं. "विचारा सायबाला. इथं लई कडक कारभार हाय मॅडम, येळवशीच्या सणालासुद्दा सुट्टी न्हाई."

परतीच्या वाटेवर प्रणिताला आठवत राहिलं ते रजिस्टरातलं खाली रेघ मारलेलं वाक्य. ज्याला कंटाळा होता तो तीनदा कशाला लिहील? आणि ज्यानं स्वतःच्या हातानं खोट्या बाटल्या भरल्या, तो शेवटच्या दिवशी जीव धोक्यात घालून खरी बाटली भरायला वर कशाला जाईल?

४

शनिवारी ती चिंताकीला गेली. बिरादारांचं घर गावाच्या टोकाला. अंगणात व्यंकटची आई सत्यभामाबाई सुपात हरभरा पाखडत होती. तिनं मान वर केली, प्रणिताकडे पाहिलं, आणि पुन्हा सूप हलवू लागली.

प्रणितानं मंजुश्रीला सहा लेबलं दाखवली. "ही सही त्यांचीच ना?"

मंजुश्रीनं एकेक निरखलं. "तशीच दिसायलीय. पर..." ती थांबली. पहिल्या लेबलावर बोट ठेवून तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरखाली राहिलेल्या मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचं शेवटचं पान उघडलं. "अक्का, एकोणीस डिसेंबर, दुपारी बारा. ही तर येळवस."

प्रणिता बीदरची. तिला जास्त सांगायची गरज नव्हती. मार्गशीर्षातली अमावस्या. ह्या सीमेवरच्या गावांत त्या दिवशी घरांना कुलपं लागतात, बाजार ओस पडतात, आणि ज्याच्या नावावर वीतभर रान आहे तो रानात असतो. कडब्याची खोपटीसारखी कोप उभारायची, पूजा करायची, मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील घेऊन रानातच जेवायला मांडी घालायची. सरकारी यादीत ही सुट्टी नाही. ती कुणी मागतही नाही, नुसते निघून जातात.

"ते रानातच व्हते," मंजुश्री म्हणाली. तिनं नवऱ्याचा मोबाईल आणला. त्याची काच फुटली होती, पण चालू होता. कोपीपुढं व्यंकट बसलेला, हातात उंडा, तोंड भरलेलं, आणि आई वरून आणखी वाढतेय. फोटोची वेळ दुपारी बारा वाजून दहा मिनिटं. वीजघर तिथून अठरा किलोमीटर.

"सायबानं रजा दिली न्हवती. तरी आले. म्हणले, हजेरीचं हुतंय, काळजी करू नगं. त्यांचा हा शेवटचा चांगला फोटू हाय अक्का." तिनं फुटकी काच पदरानं पुसली.

सुपाचा आवाज थांबला होता. "तिथं राहणाऱ्या माणसासाठी डबाबी दिला हुता मी," सत्यभामाबाई आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली. "भज्जी, उंडे. सांजच्याला घिऊन गेला. डबा काई वापस आला न्हाई. परवा आणतो, तेरवा आणतो, म्हणायचा."

अंगणातूनच प्रणितानं काशप्पाला फोन लावला. येळवशीला कुठं होतास, असं सरळच विचारलं.

"मुडबीला, माज्या रानात," तो शेवटी म्हणाला. "सायबाला सांगू नगा. चावी हपिसातल्या खिळ्याला टांगून गेलतो. त्या दिवशी प्लांटवर दोगंच. सायब अन् वीरण्णा."

५

दोघांतला एक. एकाला दोनशे अकरा दिवसांचा फलक प्यारा होता, यंत्र थांबलं तर तो उतरणार होता. प्रणिताच्या मनानं निकाल तेव्हाच लावून टाकला होता. संकर्षणबद्दल विचारायचं म्हणूनच ती वीजघरामागच्या चाळीत वीरण्णाच्या खोलीवर गेली.

एक खाट, एक शेगडी, बायकोच्या फोटोला हार. वीरण्णाला मूलबाळ नव्हतं आणि जमीनही नव्हती. तो पाणी आणायला वळला, तेव्हा प्रणिताची नजर फळीवर गेली. चार साध्या भांड्यांत एक घासून लखलखीत केलेला स्टीलचा डबा होता. आपल्याकडे भांड्यावर नाव घालून घ्यायची रीत आहे. डब्याच्या झाकणावरही ठिपक्याठिपक्यांनी कोरलं होतं: सत्यभामाबाई बिरादार, चिंताकी.

ती खाटेच्या कडेवर बसली. सगळं जागच्या जागी पडायला लागलं, आणि ते पडू नये असं तिला वाटत राहिलं.

"वीरण्णा, संकर्षणसाहेबांना व्यंकट येळवशीला गैरहजर सापडला असता, तर त्यांनी काय केलं असतं?"

"मेमो दिला असता," तो पाण्याचा तांब्या ठेवत म्हणाला.

"मग त्यांनी व्यंकटच्या नावानं सही केली नाही. ज्याला नुसतं तेल लपवायचं होतं, त्यानं स्वतःचं नाव घातलं असतं, नाहीतर जागा कोरी सोडली असती. ह्यानं व्यंकटचं नाव घातलं. हजेरीतही घातलं असणार. म्हणजे त्याला तेल लपवायचं नव्हतं, रानात गेलेला माणूस झाकायचा होता. तो माणूस हजर दाखवायचा तर त्याचं बाटलीचं कामही झालेलं दिसायला हवं. पण तोटी अकरा पायऱ्यांवर, आणि झाकणाऱ्याला पायऱ्या चढवत नाहीत. खिळ्याला चावी होती, तळमजल्यावर पिंप होतं." तिनं डब्याकडे बोट केलं. "संध्याकाळी हा डबा तुम्हाला आला."

वीरण्णा खाली भुईवरच बसला. गुडघे दुखतात हे तो विसरून गेला असावा.

"सहा वर्सं झाली अक्का, दर येळवशीला मी राहतो," तो म्हणाला. "मला ना रान, ना घर. पोरं जाऊ देत म्हणतो. त्यो म्हणला, काका, आई वाट बघायलीय. मी म्हणलं, जा, मी बगतो. सही केली. बाटली भरली. मनात म्हणलं, एका बाटलीनं काय हुतंय. पंधरा दिसांनी परत भरायचीच हाय."

"पुढच्या पाच?"

"तुमचा रिपोर्ट आला. सगळं ठीक." त्यानं वर पाहिलं. त्या नजरेत आरोप नव्हता, म्हणूनच ती सोसवेना. "पिंपातलं तेल पाठवलं तरी वरनं कोण इचारत न्हाई, म्हणजे ही बाटली नावालाच हाय, असं वाटलं. त्या तोटीवर पोराचं मनगाट दोनदा भाजलं हुतं. म्हणलं, तू रीडिंग घे, बाटल्याचं मी बगतो. त्याला वाटायचं मी कुणाला तरी वर धाडतो. मी पिंपातनंच भरायलो, येळवशीलाच कॅनभर काढून ठिवलं हुतं. ड्युटी त्याची, म्हणून सही त्याच्याच नावानं."

"त्यानं आवाजाचं तुम्हाला सांगितलं होतं?"

बाहेर कुणी तरी मोटार चालू केली, तिचा आवाज दूर गेला.

"तीनदा. काका, आवाज बदललाय, म्हणला. अन् मी त्याला काय सांगितलं ठावं हाय?" त्यानं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "मी म्हणलं, कामून भ्यायलास? तेलाचा रिपोर्ट चांगला हाय की. मी, अक्का! बाटली ज्यानं भरली त्यो मी! त्या टायमाला मला आठवलंच न्हाई बगा. कागदावर लिवलेलं हुतं, मला खरंच वाटायलागलं हुतं."

प्रणिताला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. आपल्याच हातानं रचलेल्या खोट्यावर हा माणूस विसंबला होता, आणि त्या खोट्यावर खऱ्याचा शिक्का तिनं मारला होता. कान फक्त एकाचे शाबूत होते. त्या एकानं अकरा मार्चला दुपारी बाटली घेतली आणि स्वतः शिडी चढला.

६

रिपोर्ट तिनं शनिवारी रात्री बसून लिहिला. सोमवारी तो कंपनीकडे जाईल, कारखाना निरीक्षकाकडे जाईल, पोलिसांकडे जाईल. मग प्रयोगशाळेचं दार उघडं राहील की नाही, हे तिला माहीत नव्हतं. पार्वतीबाईंना मात्र तिनं आधी सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "लिवा ताई. ती बाई पायरीवर बसल्याली मी बगितलीय."

रविवारी सकाळी ती चिंताकीला निघाली, तेव्हा वीरण्णा फाट्यावर उभा होता. छातीशी डबा धरलेला. आज जाणार हे तिनं त्याला काल सांगितलं होतं; तिनं गाडी थांबवली. तो मागं बसला.

अंगणात सत्यभामाबाई, मंजुश्री आणि तिची सात वर्षांची लेक. प्रणितानं कागद काढला. आधी सगळं तोंडी सांगितलं, काही न गाळता. येळवस, पिंप, सहा बाटल्या, आणि आपला न केलेला फोन. वीरण्णा दाराबाहेर उभा राहून ऐकत होता.

"कागदावर काय लिवलंय, ते वाच," सत्यभामाबाई म्हणाली.

प्रणिता वाचू लागली. "यंत्राच्या बिघाडाची सूचना ऑपरेटर व्यंकट राघोबा बिरादार यांनी तीन वेळा लेखी दिली होती. ती कोणीही ऐकली नाही. पाच डिसेंबरनंतरचा तेलाचा एकमेव खरा नमुना त्यांनी स्वतः घेतला, आणि तो घेतानाच त्यांचा मृत्यू झाला. पिंपातील तेलाचे सहा नमुने मी यंत्रातील समजून निर्दोष ठरवले. तेल बदलल्याची खूण मला दिसली होती, मी चौकशी केली नाही. ही चूक माझी आहे."

"पैलं परत वाच," मंजुश्री म्हणाली. तिनं लेकीला पुढं ओढून कागदासमोर उभं केलं. "आईक गं."

प्रणितानं पहिली तीन वाक्यं पुन्हा वाचली. पोरगी तोंडानं शब्द जुळवत ऐकत होती. शाळेत सांगायचं म्हणून ती ते पाठ करत असावी.

मग सत्यभामाबाई उठली आणि दारापाशी गेली. वीरण्णानं डबा पुढं केला. तिनं झाकण उघडून आत पाहिलं. आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, मूठभर साखर तरी घालतात.

"रिकामाच आणलास?"

"काय घालू सुचलं न्हाई, अक्का," वीरण्णा म्हणाला. "तीन महिने तेच सुचंना. म्हणून ऱ्हायला. आता तर..."

"त्यानं तुला सांगितलं हुतं. आवाज बदललाय म्हणून."

"व्हय."

"अन् तू कागद बग म्हणलास."

"व्हय."

तिनं झाकण पुन्हा लावलं. "त्या येळवशीला लेकरू माज्या हातचं पोटभर जेवलं," ती म्हणाली. "ते तुज्यामुळं. अन् हेबी तुज्यामुळं. आता मी तुला काय म्हणू, तूच सांग."

सत्यभामाबाईनं त्याला बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. ती डबा घेऊन मोरीवर गेली. तो आधीच लखलखीत होता, तरी तिनं राख घेतली आणि झाकणावरचं आपलं नाव घासायला बसली.